सांगड, नाव आणि फुंकर

दोन गोष्टींची सांगड घालणे, असे आपण उठता-बसता म्हणतो. प्रपंचाची आणि परमार्थाची सांगड, जमेची आणि खर्चाची सांगड, सासूच्या आणि सुनेच्या स्वभावाची सांगड! पण ही सांगड म्हणजे मुळात कसली वस्तू, असे एखाद्या चुणचुणीत मुलाने वर्गात विचारले तर पुष्कळ गुरुजींना खाकरून वेळ मारून न्यावी लागेल. सांगड ही नदीची आहे. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून केलेला तरता आधार, किंवा दोन वाळके भोपळे दोरीने एकमेकांना जखडून छातीखाली घ्यायचे साधन, ही सांगड. एकटा भोपळा पाण्यात गरकन फिरतो आणि नेमका हवा असतो तेव्हा हातातून निसटतो. दोन जोडले की दोघेही शहाण्यासारखे वागतात. बोलीतली सांगड या अनुभवातून आली. शब्द घरात राहिला, वस्तू मात्र नदीवरून नाहीशी झाली. ती नाहीशी झाल्याने काय झाले, हे मला या लेखात सांगायचे आहे.

आधी त्या भोपळ्याविषयी दोन शब्द. हा भाजीचा भोपळा नव्हे. कडू भोपळा वेलावरच पुरता जून होऊ द्यायचा, मग उतरवून आढ्याला टांगून सुकवायचा. हलवल्यावर आत बियांचा खुळखुळा वाजू लागला की तो तयार. त्याचे तोंड फोडले नाही तर आत थेंबभर पाणी शिरत नाही. पंढरपूरकडे पिकणारे असेच मोठे भोपळे मिरजेला जातात आणि तिथे त्यांचे तंबोरे होतात. म्हणजे एकाच वेलावरचा एक भाऊ मैफलीत बसे आणि दुसरा पुरात उतरे. त्याचे गणितही सोपे आहे. एक लिटर पोकळी पाण्यात सुमारे एक किलो वजन उचलून धरते. माणसाचे शरीर पाण्याच्या मानाने फारसे जड नसते. त्याला बुडू न देण्यासाठी फार मोठे बळ लागत नाही. नाकतोंड पाण्याबाहेर राहील एवढा, चार-पाच किलोंचा आधार मिळाला की माणूस तरतो. मध्यम आकाराचे दोन भोपळे एवढे काम सहज करीत. आपल्याकडची मुले विहिरीत पोहायला शिकत तीही असाच भोपळा किंवा हलक्या पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून.

ही विद्या किती जुनी, याची साक्ष ज्ञानेश्वरीत आहे. १२९० साली प्रवरेकाठच्या नेवाशाला तो ग्रंथ सिद्ध झाला. बाराव्या अध्यायात भगवंत भक्तांना भवसागरातून पार नेतात, असा प्रसंग आहे. तिथे ते सर्वांना एकाच मापाने मोजत नाहीत. जे सडे आहेत त्यांना कासेला लावून नेतात. ज्यांच्यामागे परिवार आहे त्यांना तरीवर बसवतात. आणि कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्याला तीराला आणतात. कीर्तनकार यातले अध्यात्म उलगडतात, ते योग्यच आहे. पण मला दर वेळी त्यामागचा नावाडी दिसतो. कोण पोहणारा, कोण पोरेबाळे घेऊन आलेला, कोण नुसताच भेदरलेला, हे त्याने पाण्यात उतरण्याआधी काठावरच ओळखले आहे आणि ज्याला जे हवे ते दिले आहे. पोटाला बांधायची पेटी! आज आपण ज्याला जीवरक्षक जाकीट म्हणतो त्याची कल्पना सातशे वर्षांपूर्वी मराठीत इतकी परिचित होती की, तिचा दृष्टांत देताना ती काय असते हे समजावून सांगण्याची गरज ज्ञानेश्वरांना वाटली नाही.

आमचा मंगरूळपीरचा मुलूख काही नाविकांचा नव्हे. इथे नदी म्हणजे वर्षातले बरेच महिने वाळू, दगड आणि म्हशींचे डबके. वाशीम जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाहते: काटेपूर्णेचे पाणी पूर्णेतून तापीला आणि पश्चिम समुद्राला जाते, अडाण आणि अरुणावती पैनगंगेला मिळतात, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला, आणि त्या दोघींची प्राणहिता होऊन ती गोदावरीत शिरते. थेंब कुठे पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. पण डोंगराळ उगमाच्या या नद्यांचा एक वाईट स्वभाव आहे. वर कुठे तरी पाऊस कोसळतो, इथे आभाळ निरभ्र असते, आणि पाहता पाहता लोंढा येतो. दर पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जात असताना 'गुडघाभरच तर आहे' म्हणून गाडी घालणारा कुणी तरी निघतोच. वाहत्या गुडघाभर पाण्याचा जोर उभ्या माणसाचे पाय उखडतो, हे त्याला त्या वेळी कोण सांगणार?

जुन्या लोकांचा यावरचा पहिला उपाय होता तो पंचांगातला. नदी भरलेली असताना तिच्या वाटेला जायचे नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीला निघायचे, ही मराठी फौजांची रीत केवळ धार्मिक नव्हती. आश्विनात पाऊस सरलेला असतो, वाटा वाळलेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे नद्यांना उतार मिळू लागलेला असतो. घोड्यावरच्या फौजेला उतार मिळाला की नावेची गरज काय? या रिवाजाने शेकडो वर्षे माणसे वाचवली. पण त्याच रिवाजाने आपल्याला नावा बाळगण्याची सवय लागू दिली नाही, आणि याची किंमत दोनदा फार मोठी पडली.

पहिला प्रसंग पानिपतचा. १७६० च्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत आणि अब्दाली यमुनेच्या पलीकडे. मध्ये दुथडी भरलेली यमुना. नदी हीच तटबंदी, असा हिशेब दोन्हीकडे होता. मराठे उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेले, ऑक्टोबरात ते ठाणे त्यांनी जिंकले, आणि तिकडे असतानाच २५-२६ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. मराठी फौज आणि दिल्ली यांच्यामध्ये शत्रू येऊन बसला. पुढे १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते मराठी घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पानिपतच्या कारणांवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. माझ्या मते बागपतचा तो उतार राखला गेला नाही, याला त्यात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही.

दुसरा प्रसंग आमच्या वऱ्हाडाच्या अधिक जवळचा. १८०३ साली आर्थर वेल्सली, पुढे जो वेलिंग्टनचा ड्यूक झाला तो, दख्खनेत उतरला. या माणसाने मराठ्यांच्या पंचांगाचा अभ्यास केला होता. मराठी घोडदळ पावसाळ्यात नद्यांमुळे अडकते. तर मग लढाई पावसाळ्यातच करावी, मात्र आपल्याजवळ नावा असाव्यात, असा त्याचा सरळ हिशेब. नावा म्हणजे काही मोठी गलबते नव्हेत. बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपली विणायची आणि तिला बाहेरून बैलाचे कातडे मढवायचे. कृष्णा-तुंगभद्रेकडचे लोक ज्या टोपल्यांतून नद्या ओलांडत त्याच या. साहेबाने त्या विलायतेहून आणल्या नाहीत. आपल्याकडे ज्या वस्तूकडे कुणी पाहत नव्हते ती त्याने पाहिली. ऑगस्टात अहमदनगर घेतल्यावर भरल्या गोदावरीवर असल्याच टोपल्यांतून त्याची फौज महिनाअखेर पलीकडे गेली.

पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. तिथली केळणा नदीची गोष्ट प्रसिद्ध आहे. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेल्सलीने दुर्बिणीतून पाहिले तर दोन काठांवर समोरासमोर दोन गावे. दोन गावे अशी एकमेकांच्या तोंडावर वसली असतील तर त्यांच्यात येजा असणार, म्हणजे उतार असणारच, असे त्याने अनुमान केले आणि ते खरे ठरले. शत्रूची तारीफ दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायला कुणाला गोड लागत नाही. पण हे अनुमान एखाद्या खेडवळ माणसाला शोभणारे आहे, म्हणून मला ते आवडते. लढाईनंतरची कथा मात्र कमी ठाऊक आहे. जखमींना ठेवायचे कुठे? दौलताबादच्या किल्लेदाराने त्यांना आत घेण्याचे नाकारले आणि शेवटी अजिंठ्याला इस्पितळ मांडावे लागले. नावांची तजवीज आधी करणाऱ्या सेनापतीची जखमींची तजवीज अशी ऐन वेळी झाली. त्याच मोहिमेत नोव्हेंबरात आडगाव आणि डिसेंबरात गाविलगड पडला, तो आपल्याच वऱ्हाडात.

एका वर्षाने पारडे फिरले. १८०४ च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सन यशवंतराव होळकरांच्या पाठीवर गेला आणि होळकर उलटले तेव्हा त्याला माघार घ्यावी लागली. माळव्या-राजपुतान्याच्या नद्या भरलेल्या, चिखलात तोफा रुतल्या त्या तिथेच टाकून द्याव्या लागल्या, प्रत्येक नदीवर नावेसाठी खोळंबा, आणि मागे होळकरांचे स्वार. ऑगस्टअखेर आग्र्याला पोहोचले ते फौजेचे अवशेष होते. या पराभवाची मीमांसा करताना वेल्सलीने दोन गोष्टींवर बोट ठेवले: धान्याचा साठा नव्हता आणि नद्यांवर नावा नव्हत्या. यशवंतरावांचे शौर्य त्याने हिशेबात कमी धरले, हे आपण त्याला माफ करणार नाही. पण नावांचे म्हणणे खरे होते.

इंग्रजी अमलात नदीघाटावरची नाव ही सरकारी बाब झाली. मुंबई इलाख्यात १८६८ चा आणि मध्यप्रांत धरून उत्तरेकडच्या प्रांतांत १८७८ चा, असे तरींचे कायदे झाले. घाटाचा इजारा द्यायचा, उतारूमागे दर ठरवायचा, आणि एका खेपेस किती माणसे, किती गुरे, किती ओझे घ्यायचे याचे नियम करायचे, असा तो संसार होता. इजारदाराचे लक्ष पैशावर असे, नियम कागदावर असत, आणि दोन्हींच्या मध्ये उभा असे तो भोई, कोळी नाहीतर आमच्याकडचा ढीवर नावाडी. खरी सुरक्षितता होती ती त्याच्या डोळ्यांत. पाण्याचा रंग बदलला, भोवरा जागेवरून सरकला, पलीकडची झाडे हलेनाशी झाली, एवढ्यावरून तो 'आज नाव सुटणार नाही' म्हणे आणि वरातीसुद्धा काठावर मुक्कामाला राहत.

याच सुमारास पलीकडच्या गोलार्धात माणसे पोटासाठी नव्हे, कुतूहलासाठी नद्यांत उतरू लागली होती. त्यातला एक प्रवास मला फार बोधप्रद वाटतो. २४ मे १८६९ रोजी अमेरिकेत जॉन वेस्ली पॉवेल नावाचा, युद्धात एक हात गमावलेला माणूस चार होड्या आणि नऊ सोबती घेऊन ग्रीन नदीवरून निघाला. पुढे कोलोरॅडो नदीची ती प्रचंड घळ होती आणि तिचा नकाशा कुणाजवळ नव्हता. पॉवेलने सामान लावताना मोठी हुशारी केली. पीठ, मांस, कुऱ्हाडी, हातोडे, सारे तिन्ही मोठ्या होड्यांत सारखे वाटले. एक होडी गेली तरी कुठलीच वस्तू अजिबात नाही अशी पाळी येऊ नये म्हणून. पंधरवडा गेला आणि एका धबधब्यात एक होडी फुटून तिच्या चिंधड्या झाल्या. माणसे वाचली. पण उंची मोजण्याचे सगळे वायुभारमापक नेमके त्याच होडीत होते! पीठ वाटून ठेवणाऱ्या गृहस्थाने उपकरणे एकाच ठिकाणी ठेवली होती. सुदैवाने फुटक्या होडीचा एक तुकडा खडकावर अडकला होता. त्यात ती सापडली, आणि सोबत्यांनी चोरून ठेवलेले दारूचे पिंपही सापडले. ३० ऑगस्टला दहातले सहा जण त्या घळीच्या पलीकडे बाहेर आले. मी सहलीला निघालेल्या मुलांना ही हकीकत सांगतो. काडेपेटी, मलमपट्टी आणि पाणी एकाच पिशवीत ठेवू नका, हे उपदेश म्हणून सांगितले तर कोण ऐकतो?

आता फुंकरीकडे वळू. माणूस बुडाला, बाहेर काढला, निपचित पडला आहे. पुढे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला मानवजातीला जो वेळ लागला तो पाहून हसावे की रडावे कळत नाही. आपल्याकडे बुडालेल्याला उलटे टांगायचे, कुंभाराच्या चाकावर घालून फिरवायचे, खांद्यावर टाकून धावायचे, पोट दाबून पाणी काढायचे. युरोपात पिंपावर घालून लोळवायचे नाहीतर घोड्यावर आडवे टाकून घोडा दौडवायचा. सगळ्यांची समजूत एकच, की पोटात पाणी गेले म्हणून माणूस मेला. वास्तविक तो हवेवाचून मरतो. पोटातल्या पाण्याने नव्हे. पोट दाबले तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचीच भीती.

१७४० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बुडालेल्याच्या तोंडात तोंडाने हवा फुंकावी अशी शिफारस केली. त्याआधी १७३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये विल्यम टॉसॅक या शस्त्रवैद्याने खाणीच्या धुराने गुदमरलेल्या एका कामगाराला असेच फुंकून जिवंत केले होते. युरोपातल्या सुइणी तर न रडणाऱ्या बाळाला केव्हापासून फुंकर घालीत आल्या होत्या. पण सुइणींचे कोण ऐकतो? १७६७ मध्ये कालव्यांच्या ॲम्स्टरडॅम शहरात बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले, आणि १७७४ मध्ये तसेच लंडनला. लंडनच्या मंडळाचा एक संस्थापक विल्यम हॉज हा आधीपासून, बुडालेल्या माणसाला लवकर आणून देणाऱ्याला पदरच्या पैशातून बक्षीस देई. लोकांना त्याचे वेड वाटे, कारण मेलेल्यासाठी पैसे देणारा तो वेडाच. या मंडळांच्या उपचारांत ऊब देणे आणि फुंकर घालणे या शहाण्या गोष्टी होत्या, तशीच रोग्याच्या आतड्यात, मागच्या बाजूने, तंबाखूचा धूर सोडण्याचीही एक होती. बायकामुलांच्या अंकात याहून अधिक लिहीत नाही. पण त्या वेडेपणापेक्षा मोठी एक गोष्ट त्यांनी जगाला शिकवली: बुडून निपचित पडलेला माणूस मेलाच असे समजून पांघरूण घालू नका.

मौज पुढेच आहे. हाती आलेली फुंकर लोकांनी टाकून दिली. दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावणे शिष्टांना किळसवाणे वाटले आणि तिच्या जागी भाते आले. भात्याने फुफ्फुसांना इजा होते असे एकोणिसाव्या शतकात दिसून आल्यावर तेही गेले. मग हातांनी छाती दाबण्याच्या पद्धतींची मालिकाच सुरू झाली: १८५६ मध्ये मार्शल हॉल यांची कुशीवर वळवण्याची, १८५८ मध्ये सिल्व्हेस्टर यांची हात वर-खाली करण्याची, १९०३ मध्ये शेफर यांची पालथे घालून कमरेच्या वर दाबण्याची, १९३२ मध्ये होल्गर नील्सन यांची पाठ दाबून कोपर उचलण्याची. आजोबांच्या पिढीतले जे बालवीर होते त्यांच्यापैकी पुष्कळांनी यांतली एखादी पद्धत सतरंजीवर मित्राला पालथे पाडून घोकली असेल. शंभर वर्षे हे चालले. अखेर १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत जेम्स एलम आणि पीटर सफार या डॉक्टरांनी औषधाने श्वास थांबवलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवून दिले, की मान मागे करून तोंडाने फुंकलेली हवा या सगळ्या हातचलाख्यांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते, आणि हे काम वैद्यक न शिकलेला साधा माणूसही करू शकतो. १९६० मध्ये बाल्टिमोरच्याच तिघांनी छातीच्या मध्यभागी दाबून बंद हृदय चालवण्याची रीत प्रसिद्ध केली. दोन्हींची सांगड घातली गेली, आणि आजचा प्रथमोपचार तयार झाला.

यात एक खेळणीवालाही आहे. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचा आस्मुंड लेर्डाल हा बाहुल्या आणि मोटारगाड्या बनवी. त्याचा दोन वर्षांचा मुलगा पाण्यात पडून निपचित झाला होता. बापाने त्याला बाहेर काढून वाचवले होते. म्हणून डॉक्टरांनी जेव्हा सरावासाठी माणसाएवढी बाहुली मागितली तेव्हा त्याने ती जिवाच्या कराराने केली. तिला चेहरा दिला तो एका तरुणीचा. पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या चेहऱ्याचा ठसा, असे सांगतात, युरोपात घरोघरी भिंतीवर लागत असे, तोच हा. १९६० पासून जगभरची माणसे या मुलीच्या ओठांवर फुंकर घालून इतरांना वाचवायला शिकत आली आहेत. कादंबरीत मी हे लिहिले असते तर वाचकांनी मला अतिरंजित म्हटले असते.

आणि आपल्याकडे? १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ कलंडली. आषाढी अमावास्येला घरी पोहोचायच्या ओढीने ती खच्चून भरली होती. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणच्या घराघरांतून ती तारीख अजून पुसलेली नाही. पण समुद्राच्या बोटी निदान वर्तमानपत्रांच्या नजरेत असतात. नद्यांचे तसे नाही.

पूल झाले आणि घाटावरच्या नावा गेल्या. नावा गेल्या तसा तो डोळ्यांत पाणी ओळखणारा नावाडी मजुरीला गेला, आणि भोपळा ओटीवरच्या शिंक्यातून उकिरड्यावर गेला. यात वाईट काहीच नव्हते. पूल नावेपेक्षा केव्हाही चांगला. परंतु त्याच काळात धरणे झाली. जिथे कधी कमरेइतके पाणी नव्हते तिथे दहा-दहा पुरुष खोल जलाशय पसरले, आणि ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी पोहले नाही अशी गावे त्यांच्या काठावर आली. नवे पाणी आले ते जुन्या विद्येवाचून. भीमेवरच्या उजनी जलाशयात २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटून सहा जण गेले. त्याच्या आधी, २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या मजूर बायकांचा डोंगा उलटला. सहा बायका गेल्या. आणि आमच्या अमरावती विभागातली, १४ सप्टेंबर २०२१ ची, वरूड तालुक्यातल्या झुंजची गोष्ट तर गौरीगणपतीच्या दिवसांतली. घरी दशक्रिया होती, नातेवाईक जमले होते, मंडळी वर्धा नदीतल्या त्या देवस्थानाकडे आणि धबधब्याकडे होडीतून निघाली. होडी उलटली. एकाच गोतावळ्यातले अकरा जीव गेले. एका मरणाचे दिवस घालायला आलेल्या घरावर अकरांचे दिवस घालण्याची पाळी आली.

रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदी आहे. भिऱ्याच्या वीजघराकडून सकाळी पाणी सुटते आणि त्या खळाळावर रबरी तराफ्यांतून शहरातली मंडळी हौसेने वल्ही मारत जातात. तिथे प्रत्येकाच्या अंगात जाकीट असते, डोक्याला टोप असतो, निघण्यापूर्वी काठावर उभे करून सगळे समजावून सांगतात, आणि बरोबर वाचवणारी माणसे असतात. हे फार चांगले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जो खेळायला पाण्यात उतरतो त्याला पेटी मिळते आणि जी मिरची तोडायला उतरते तिला मिळत नाही, हे ज्ञानेश्वरांच्या नावाड्याला पटले नसते. १९१७ चा अंतर्देशीय जलयानांचा कायदा यंत्राच्या नावांपुरताच होता; २०२१ च्या नव्या कायद्याने बिनयंत्राच्या नावांचाही विचार केला आहे. तो डोंग्यापर्यंत कधी पोहोचतो ते पाहायचे.

तोवर आपल्या हाती जे आहे ते आहेच. घट्ट झाकणाचे पाच लिटरचे रिकामे दोन प्लॅस्टिकचे डबे हातभर दोरीने जोडले की भोपळ्यांची सांगड तयार होते. ती जाकिटाची बरोबरी करणार नाही, पण छातीखाली धरली तर तोंड वर ठेवते. बुडणाऱ्याकडे पोहत जाऊ नये. तो मिठी मारतो आणि दोघे जातात, दर उन्हाळ्यात तळ्यावर एकामागोमाग दुसरा भाऊ जातो तो असाच. काठावर पालथे पडून काठी पुढे करावी, सांगड फेकावी, काहीच नसेल तर लुगडे सोडावे; नऊवारीची लांबी सत्तावीस फूट असते आणि ते दोरासारखे ताणता येते. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नये. मान मागे, नाक चिमटीत, आधी फुंकर, मग छातीच्या मध्यावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब; तीस दाब, दोन फुंकरी, पुन्हा तीस दाब, आणि कुणी तरी १०८ ला फोन. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड पुसायचे आणि पुन्हा सुरू करायचे. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण फुफ्फुसांचा त्रास काही तासांनी उसळतो. हे वाचून येत नाही. कुणा जाणत्याकडून एकदा हाताने शिकावे लागते.

भाऊबीज झाली की घरोघरची मंडळी मुलांना घेऊन धरणावर जातील. नदीही या दिवसांत शांत दिसते. होडीत पाय ठेवण्याआधी नावाड्याला एवढेच विचारा, की बाबा, हिच्यात किती माणसे बसतात आणि जाकिटे कुठे आहेत. तो बहुधा हसेल, म्हणेल, काही होत नाही, बसा. मग पोरांचे हात धरा आणि काठावर सतरंजी पसरून फराळाचा डबा उघडा.